'वर' कुणी ऐकलंच नाही

नाही, पण मला एक सांगा, माणसानं बोलायचं तरी किती जपून? आता तुमच्यापुढं उभा राहून बोलतोय तेसुद्धा एकेक शब्द तोंडात घोळवून मग बाहेर सोडतोय. का, तर मागच्या खेपेला मी एक शब्द बोललो आणि साठ बायकांपैकी एक्केचाळीस जमिनीवर आडव्या. एक शब्द. तोसुद्धा शिवीचा नाही. शिवी दिली असती तर परवडलं असतं, माझ्या शिवीनं आजवर कुणाला चक्कर आलेली नाही, उलट झोपलेली माणसं उठून कामाला लागतात.

मी 'गॅसवर' म्हणालो. नीट ऐका हं, गॅस नाही, गॅसवर. आपण म्हणतो ना, याला जरा गॅसवर ठेवलाय, म्हणजे जीव टांगणीला लावून ठेवलाय. लहान पोरालासुद्धा कळतं. पण त्या दिवशी काय झालं, 'गॅस' सगळ्यांनी ऐकलं आणि 'वर' कुणी ऐकलंच नाही.

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल म्हातारा बरळतोय. पहिल्यापासून सांगतो.

आमचा शर्ट शिवायचा कारखाना. एक मोठा हॉल, सहा रांगा, रांगेत दहा मशीन, साठ बायका. हॉलच्या टोकाला इस्त्रीची टेबलं, त्यांना लागते वाफ, आणि ती वाफ बनवतो मी. हॉलला लागून पत्र्याची खोली आहे, त्यात मी आणि माझा बॉयलर. एकोणीस वर्षं झाली. शाळा म्हणाल तर चौथीत मास्तरांशी भांडण झालं तेव्हापासून बंद, पण बॉयलरच्या काट्याकडं न बघता नुसत्या आवाजावरून सांगतो आत दाब किती आहे. बायका मला मामा म्हणतात. आमची बायको त्याच हॉलमध्ये चौथ्या रांगेत बटणं लावते, म्हणून ती मामी. आणि बॉयलर चालतो गॅसवर. आता गंमत बघा, बॉयलर तर गॅसवर चालतोच, पण त्या पंधरवड्यात माणसंसुद्धा गॅसवरच चालली होती.

त्याला कारण आमचा साहेब.

साहेब वाईट नाही हो. बोलणं मऊ, चालणं मऊ, नाकात बोलतो. एक दिवस हॉलमध्ये आला, स्टुलावर चढला, मशीन बंद करायला लावली आणि म्हणाला, "हे बघा, घाबरायचं काही कारण नाही." झालं. इतका वेळ कुणी घाबरलेलं नव्हतं. "काही नावं कमी करावी लागणार आहेत. यादी तयार होतेय." कुणीतरी विचारलं, किती नावं? "ते यादीत येईल." कधी येणार यादी? "येईल ना." आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवला. खिशात घडी घातलेला कागद. उतरला आणि गेला.

त्या दिवसापासून तो माणूस रोज सकाळी हॉलमधून एक चक्कर मारायचा, आणि चालता चालता खिशाला हात लावायचा. सवय असेल बिचाऱ्याची. पण साठ बायका त्या हाताकडं बघायच्या. हात खिशाकडं गेला की मशीनचा आवाज खाली, हात खाली आला की आवाज वर. मी पलीकडं बॉयलरपाशी बसून सांगायचो, आता साहेब तिसऱ्या रांगेत आहे.

बायका पाणी प्यायला उठेनात. उठलेली दिसली तर यादीत जाईल. डबा खाईनात. आदल्या महिन्यात अख्ख्या हॉलमध्ये दोन सुया मोडल्या होत्या, त्या आठवड्यात चौदा मोडल्या. एका कात्रीवरून दोन सख्ख्या जावा भांडल्या. मी बायकोला म्हणालो, काय चाललंय तुमच्यात? ती म्हणाली, काही नाही. आता बायको काही नाही म्हणते तेव्हा काहीतरी असतं एवढं तरी मला कळायला पाहिजे होतं, पण माझं डोकं म्हणजे बॉयलर, एक तर बंद नाहीतर फुल्ल.

मग आला सोमवार.

सकाळी इस्त्रीच्या टेबलाखालचा वाफेचा पाइप गळायला लागला. पाणी गळत होतं हो, वाफ थंड झाली की पाणी होतं, त्यात काही नाही. मी आपला बॉयलरच्या गॅसचा कॉक बंद केला, पाना घेतला आणि हॉलमधून निघालो. वाटेत भेटली मोजपट्टी. ही आमची तपासनीस बाई, गळ्यात कायम मापाची टेप, म्हणून मोजपट्टी. ती मला अडवून म्हणते, "मामा, काही कळलं का वरून?"

आता साठ मशीनची घरघर चाललेली. माझ्या हातात पाना. डोकं आधीच तापलेलं. मी चालता चालता म्हणालो, "कळतंय कुठलं, साहेबानं सगळ्यांना गॅसवर ठेवलंय."

बस्स. एवढंच. आणि मी जाऊन टेबलाखाली शिरलो.

मोजपट्टीनं काय ऐकलं? साहेब... गॅस... ठेवलाय. ती पहिल्या रांगेत वाकून म्हणाली, मामा काहीतरी गॅसचं बोलले. पहिलीनं दुसरीला सांगितलं, गॅस सुटलाय म्हणे. तिसऱ्या रांगेत पोचेपर्यंत झालं, मामा स्वतः सांगून गेले गॅस सुटलाय. आणि पाचव्या रांगेत काय पोचलं माहितीये? मामा पळून गेले. अरे, मी तिथंच टेबलाखाली उताणा पडून नट आवळतोय. मी पळून गेलो म्हणे.

मग वास आला. हे नंतर कळलं मला. एक म्हणाली सडलेल्या कोबीचा वास. दुसरी म्हणाली, छे, रबर जळाल्याचा. तिसरीला दवाखान्यासारखा आला, चौथीला गोडसर. गॅस एक आणि वास चार. अन् सगळ्यांना एकमेकींचा पटला.

पहिली पडली कॉलरवाली. कॉलर लावणारी नवीन पोरगी, लग्नाला वर्ष झालेलं, सर्वांत शेवटी लागलेली, म्हणून तिनं मनानं ठरवून टाकलेलं की यादीत पहिलं नाव आपलं. चार दिवस धड जेवली नव्हती. तिनं मशीनवर डोकं टेकलं आणि तशीच घसरली. टेबलाखालून मला नुसते पाय दिसत होते. आधी दोन पाय आडवे. मी म्हटलं, बॉबिन पडली असेल, शोधत असेल. मग चार पाय. मग आठ. मी म्हटलं, आयला, एका बॉबिनीसाठी किती जणी.

बाहेर आलो तर काय सांगू तुम्हाला... रांगच्या रांग. कुणी पोट धरून, कुणी गळा धरून, कुणाचे हात असे वाकडे झालेले, बोटं सरळ होईनात, कुणी ओकतेय. आणि बघा, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, काज पाडणारी बाई, ती भिंतीकडं तोंड करून बसते आणि जरा कमी ऐकते. ती मजेत काज पाडतेय. मागं वीस जणी पडल्यात, हिला पत्ता नाही. मग हिचा दोरा तुटला. हिनं मान वळवली, "काय गं झालं..." एवढंच म्हणाली आणि बसल्या जागी पडली. बघितलं आणि पडली. भिंतीकडं तोंड केलं म्हणून नाक बंद होतं का तिचं? मघापासून गॅस होता तर मघाशी का नाही पडली?

माझं टाळकं सटकलं. मला माहीत होतं ना, मीच दहा मिनिटांपूर्वी या हातानं कॉक बंद केलेला. तर मी चढलो स्टुलावर, त्याच साहेबाच्या स्टुलावर, आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "गॅस नाही!"

पहिल्या खेपेला 'वर' कुणी ऐकलं नव्हतं. या खेपेला 'नाही' कुणी ऐकलं नाही.

उरलेल्या पळत सुटल्या. दारात अडकल्या, तिथं सात पडल्या. आणि चौथ्या रांगेत बघतो तर आमचीच बायको. मशीनला पाठ लावून जमिनीवर बसलेली, तोंड पांढरं, ओठ थरथरतायत. तेवीस वर्षांचा संसार, कधी साधा ताप आला तर सांगत नाही ती. माणसानं अशा वेळी काय करायचं? पाणी द्यायचं. जवळ बसायचं. मी काय केलं? मी सगळ्यांदेखत म्हणालो, "ऊठ, तू तरी नाटकं करू नकोस. मीच कॉक बंद केलाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. आणि माझ्या बुटांवर ओकली.

मला वाटतं ते उत्तर होतं.

मग आल्या गाड्या. भोंगे वाजवत. आता भोंगा कशाला? पण भोंगा. त्या भोंग्यानं अंगणातल्या चार पडल्या. मग अग्निशमनवाले उतरले, तोंडाला हे मोठ्ठे मुखवटे, पाठीवर नळकांडी, राक्षसासारखे. आतापर्यंत ज्या धीर धरून उभ्या होत्या त्यांनी ते मुखवटे बघितले आणि आपल्या नाकाला हात लावला, की आपल्याला नाही मुखवटा, आणि त्याही आडव्या. फाटकावरचा पहारेकरी, हॉलपासून दोनशे पावलं लांब, उघड्यावर, वारा उलट्या दिशेचा, मिशा एवढ्या, तो म्हणाला, "मला पण काहीतरी होतंय," आणि खुर्चीसकट पडला. खुर्चीचा पाय मोडला. खुर्चीलासुद्धा गॅस लागला असेल.

दवाखान्यात सगळ्यांचं रक्त बघितलं, छाती बघितली, सगळं चांगलं. संध्याकाळपर्यंत बऱ्याच जणी बऱ्या झाल्या. तिथं एक डॉक्टरीण होती, आमच्या पुतणीच्या वयाची. मी तिला म्हणालो, "बघा, मी मघापासून ओरडतोय, नाटक आहे सगळं." तिनं मला बाकावर बसवलं.

"काका, नाटक नाही. चक्कर खरी आहे, उलटी खरी आहे. गॅस तेवढा खोटा आहे."

म्हटलं, हे कसं?

"माणूस घाबरला की श्वास भराभर घेतो. भराभर घेतला की हाताला मुंग्या येतात, बोटं आखडतात, डोकं हलकं होतं. मुंग्या आल्या की त्याला वाटतं विषच भिनलं, मग तो आणखी भराभर श्वास घेतो. शेजारची ते बघते, तिचं सुरू होतं. आणि मन आधीच ताणलेलं असलं की एवढंसं निमित्त पुरतं. जांभई नाही का, एकाला आली की दुसऱ्याला येते?"

तिनं नुसतं जांभई म्हटलं आणि मला जांभई आली. हे बघा, तिकडं मागच्या ओळीतल्या त्यांना पण आली. मी म्हटलं का तुम्हाला द्या म्हणून? झाकू नका तोंड, दिसलं मला.

म्हणजे डॉक्टरीण सांगत होती की ताण होता. अहो, मग मी दुसरं काय म्हणालो होतो? गॅसवर म्हणजे तरी काय? ती सात वर्षं शिकून जे म्हणाली ते मी सकाळी पाना हातात धरून फुकट सांगितलं होतं, पण माझं 'वर' कुणी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मीटरवाला आला. हातात गॅस मोजायचं यंत्र. बॉयलर सुरू करून बघितला, बंद करून बघितला, सिलिंडर बघितले, पाइप बघितला, साठच्या साठ मशीनखाली यंत्र फिरवलं. शून्य. मी साहेबाकडं बघितलं, बघा म्हटलं. साहेब मीटरवाल्याला काय म्हणाला? "तुमचं यंत्र जरा तपासून घ्या."

मग मला आत बोलावलं. खुर्ची दिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. समोर कागद सरकवला. "मामा, यात काही नाही. कॉक चुकून उघडा राहिला, एवढंच लिहिलंय. सही करा, महिनाभर घरी आराम करा, मग बघू."

मग बघू म्हणजे काय हे मला कळतं. चौथी नापास असलो तरी कळतं. बॉयलरवाल्यानं कॉक उघडा ठेवला असं एकदा कागदावर आलं की त्याला परत कुणी चहा गरम करायलासुद्धा उभा करत नाही. आणि साहेबाला ते का पाहिजे होतं? सरळ आहे. गॅस असेल तर दोष माझा. ताण असेल तर ताण कशाचा? यादीचा. यादी कुणाची? खिशाची. मग दोष कुणाचा?

मी खुर्ची मागं ढकलली. जे बोललो ते इथं सांगत नाही, पोरंबाळं बसलीत. शेवटचं तेवढं सांगतो, "सही करणार नाही. शुक्रवारी काय करायचं ते करा." कारण शुक्रवारी यादी वाचणार असं तो सकाळीच बोलून बसला होता.

तर साहेबानं मला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत. बरं, मला वाटलं बायका माझ्या बाजूनं उभ्या राहतील. घरी भेटायला आल्या तर मोजपट्टी म्हणते, "मामा, सांगून टाका ना थोडा सुटला होता म्हणून."

"नव्हता सुटला."

"थोडासा हो. तुमचं काय जातंय?"

"माझी नोकरी जातेय बाई."

"आणि आमची इज्जत? डॉक्टरीण म्हणते ताण. ताण म्हणजे काय, आम्ही खोट्या? सासू म्हणते, कामाचा कंटाळा आला म्हणून पडलीस."

बघा म्हणजे माझी अवस्था. एका बाजूला साहेब, एका बाजूला एक्केचाळीस बायका आणि एक पहारेकरी. सगळ्यांना गॅस पाहिजे. आणि ज्याचा गॅस, तो मी एकटाच बोंबलतोय, नव्हता म्हणून. अशी कधी तऱ्हा बघितलीत?

आणि घरात? घरात बायको बोलत नाही. ताट वाढते, ठेवते, जाते. एक दिवस झाला, दोन दिवस झाले. मी म्हटलं, "अगं, तू तर मला ओळखतेस. मी कॉक उघडा ठेवीन का?" ती म्हणाली, "आणि मी नाटक करीन का?"

मी ताट पुढं ओढलं.

तिसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता तीच म्हणाली, "अहो, यादीत माझं नाव असेल का हो?" मी म्हटलं तुझं का असेल? म्हणाली, "बटणाचं नवीन मशीन येणार आहे. तीन बायकांचं काम करतं म्हणे. आम्ही तिघीच आहोत." पंधरा दिवस ही बाई हे घेऊन माझ्या शेजारी जागी पडत होती आणि मी घोरत होतो. मी म्हटलं, सांगायचं नाही का? म्हणाली, "तुम्ही साहेबाला मारायला गेला असता. मग दोघांची गेली असती."

बरोबर होतं तिचं. गेलो असतो.

शुक्रवारी सगळ्यांना बोलावलं. मलासुद्धा, कारण माझा निकालही त्याच दिवशी. आता इथं नीट लक्ष द्या. बॉयलर तीन दिवस बंद. थंडगार. सिलिंडर उचलून गोदामात, रस्त्याच्या पलीकडं. खिडक्या सताड उघड्या. त्या अख्ख्या इमारतीत काडेपेटी पेटवली असती तरी दुसरं काही पेटलं नसतं. आणि हे सगळ्यांत जास्त कुणाला माहीत? मला. मी मागं भिंतीला टेकून उभा, बगलेत सवयीचा पाना, हाताची घडी, म्हटलं, आता कोण पडतंय ते बघतोच.

साहेब स्टुलावर चढला. म्हणाला, "घाबरायचं काही कारण नाही." हात खिशाकडं गेला. कागद निघाला. मग चष्मा लावला. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला. एक घडी उलगडली. दुसरी घडी उलगडली. किती घड्या घालायच्या माणसानं एका कागदाला? मी चौथ्या रांगेतल्या आमच्या हिच्या पाठीकडं बघत होतो. आणि मला वाटलं, बॉयलर गेला तर मी काय आहे? पन्नाशी उलटली, हात हा असा भाजलेला, लिहिता येतं ते सहीपुरतं. आणि हिचं पण नाव निघालं तर?

आणि बोटांना मुंग्या आल्या.

मी म्हटलं, घडी घातलीय म्हणून असेल. घडी सोडली. मुंग्या मनगटापर्यंत. मी स्वतःलाच म्हणालो, गाढवा, गॅस नाही, तुला माहितीये गॅस नाही, श्वास हळू घे, डॉक्टरीण काय म्हणाली होती... आणि डॉक्टरीण आठवली तशी मला जांभई आली, आणि जांभई अर्ध्यात अडकली, भिंत तिरपी झाली, आणि मी, जो स्टुलावर चढून ओरडला होता, तो मी, पान्यासकट आडवा.

पाना फरशीवर आपटला तेवढा आवाज आठवतोय. आणि मोजपट्टीचा, "बघा, मामासुद्धा पडले!" त्यात विजय झाल्यासारखा सूर होता हो.

मग काय, परत पायच पाय. पण या खेपेला एक नवीन झालं. साहेब स्टुलावरून खाली बसला. गळ्याचं बटण सोडलं. नाकातल्या नाकात म्हणाला, "मला... मला वास येतोय."

सिलिंडर रस्त्याच्या पलीकडं. आणि साहेबाला वास येतोय. गॅस होताच हो. पण माझ्या खोलीत कधीच नव्हता, साहेबाच्या खिशात होता. पंधरा दिवस घडी घालून ठेवलेला.

डोळे उघडले तर आमची ही शर्टाच्या पाठीच्या तुकड्यानं वारा घालत होती. शिवायचा तुकडा, डाग पडला असता तर बोलणी खाल्ली असती. हळूच वाकून कानात म्हणाली, "वास आला होता का हो?"

आता मला हो म्हणता आलं असतं. ओठावर आलं होतं. म्हटलं, "नाही."

ती वारा घालायची थांबली. इकडंतिकडं बघितलं. म्हणाली, "मलासुद्धा नव्हता आला."

"मग त्या दिवशी दवाखान्यात वास आला म्हणून का सांगितलंस?"

"सगळ्यांना येत होता. मी एकटीनं नाही म्हणायचं? पण चक्कर खरी होती."

"माहितीये," म्हटलं. "मला आता माहितीये."

आणि तुम्हाला सांगतो, तेवीस वर्षांत मी तिची माफी मागितलेली नाही, तेव्हाही मागितली नाही, फक्त म्हटलं, दमली असशील, आण तो तुकडा, मी घालतो वारा. तिनं दिला नाही. पण हसली.

दवाखान्यातली ती डॉक्टरीण या खेपेला हॉलमध्येच आली. साहेबाची नाडी तिनं जरा जास्तच वेळ धरली आणि म्हणाली, "साहेब, हा कागद एक तर आत्ता एका दमात वाचा, नाहीतर फाडून टाका. खिशात ठेवून हिंडू नका." साहेबानं वरच्यांना फोन लावला. वरच्यांपर्यंत दुसऱ्यांदा गॅसची बातमी पोचलेली, ते पण घाबरलेले. उत्तर आलं, यादी तूर्त स्थगित. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी एकटाच म्हणालो, तूर्त म्हणजे कधीपर्यंत? साहेब म्हणाला, "ते कळवू ना." आणि कागद परत खिशात.

म्हणजे आहे तिथंच. परत सगळी गॅसवर. मी हे मोठ्यानं बोलणार होतो, पण आमच्या हिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

माझा तो सहीचा कागद साहेबानं गुपचूप मागं घेतला. कारण मी सही केली असती तर लोकांनी विचारलं असतं, बॉयलर बंद असताना साहेबाला कुठून वास आला? त्यामुळं माझा बॉयलर मला परत मिळाला. पण सोमवारी बायका मशीनवर बसेनात. साठजणी दारात उभ्या. मोजपट्टी म्हणाली, आधी कुणीतरी सगळ्या हॉलमधून फिरून सांगायचं की वास नाही, मग आम्ही बसणार. मीटरवाला रोज येणार का? नाही. साहेबाच्या नाकावर भरवसा उरलेला नाही. मग कोण? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ज्यानं सुरू केलं त्यानंच बंद करायचं.

तेव्हापासून रोज सकाळी हे काम माझ्याकडं. सहा रांगा, एकेका मशीनपाशी थांबायचं, नाक पुढं करायचं, मोठ्यानं हुंगायचं. मोठ्यानं हं, आवाज आला नाही तर परत मागं बोलावतात. शेवटी हॉलच्या मधोमध उभं राहून दोन शब्द, "वास नाही." आणि तेसुद्धा 'नाही' आधी म्हणायचं असं ठरलंय, चुकून अर्धंच ऐकलं तर. म्हणजे, "नाही, वास नाही." एक माणूस, नसलेला गॅस रोज हुंगतो आणि नाही म्हणून सांगतो. तेवढ्यावर साठ मशीन चालू होतात. त्याबद्दल कुणाला हसू येत नाही. मला यायचं, आता मलाही येत नाही.

आणि या सोमवारपासून मला सर्दी झालीय.

नाक गच्च. कांदा नाकात कोंबला तरी कळणार नाही. आता हे सांगू कुणाला? सांगितलं तर दुपारपर्यंत भोंगा. आमच्या हिला माहितीये, घरात ऐकते ना ती. पण मी चौथ्या रांगेत तिच्या मशीनपाशी जाऊन हुंगल्यासारखं करतो, तीही खाली मान घालून सुईत दोरा ओवते. आज तिसरा दिवस. रोज सांगतोय, नाही, वास नाही. आणि खोटं तरी कुठं बोलतोय? मला खरंच कसलाही येत नाहीये.

फक्त एक सांभाळतो, काहीही झालं तरी हॉलमध्ये शिंकायचं नाही. दाबून दाबून कानाचे पडदे दुखायला लागलेत, पण करता काय... मी एकदा शिंकलो की साठ शिंकणार.